बंदूक वर, दारू खाली

आमच्या वरच्या वाडीत पुरुष होते, खालच्या वाडीत नव्हते. त्यांचे सगळे मुंबईला गिरणीत. दोन्हीकडची शेतं डुकरांपासून राखायची, तर ठरलं असं, की राखणीची माणसं आमची आणि बंदुकीची दारू त्यांची. शिवाय कुणी लबाडी करू नये म्हणून ठासणीची बंदूक आमच्याकडे आणि दारूचा डबा त्यांच्याकडे. केवढी ती अक्कल!

त्या साली नाचणी कणसाला आली आणि आमच्या पुरुषांनी आपापलीच शेतं राखली. खाली कुणी फिरकलं नाही. मग खालूनही डबा येईना.

अशात एका सकाळी बिबट्या आमच्या गोठ्यात शिरला. धाकटा दीर आत धार काढत होता, तो कसाबसा वर चढून आढ्याला लटकला. आणि दाराशी आमचे घरधनी रिकामी बंदूक घेऊन उभे! मी पदर खोचला आणि पऱ्यातलं पाणी तुडवत खाली धावले.

डबा सांभाळणारी म्हातारी अंगण सारवत होती.

"काकी, दारू दे गो! गोठ्यात बिबट्या हाय, दीर आत अडकलाय!"

तिनं हात थांबवला. "आमची नाचणी डुकरं खात व्हती, तवा तुमची माणसं कुठं व्हती?"

माझं डोकंच फिरलं. "अगो, जीव जातोय त्याचा, नि तू भांडतेस काय?"

"आज राती तुझा नवरा माझ्या शेतात बसंल? घे शपथ."

घेतली. सगळ्या देवांची घेतली असती. तरी डबा तिनं माझ्या हाती दिला नाही, पदराखाली धरून स्वतःच निघाली. चढावर तिला धाप लागली. हिसकावून पळावं, असं मनात आलं. तेवढ्यात वरून बैल ओरडला आणि एकदम गप्प झाला. मी थांबून वर बघू लागले.

"बघतेस काय?" म्हातारीनं डबा माझ्या हातात कोंबला. "पळ!"

घरधन्यांनी बार ठासला आणि कुडाच्या फटीतून उडवला. बिबट्या पडला. बैल गेला, पण दीर वाचला. मी तिथंच खाली बसून रडले.

संध्याकाळी घरधनी बंदूक घेऊन खाली गेले. उजाडल्यावर परतले आणि बंदूक खुंटीला अडकवली.

"डुकरं आली व्हती?" मी विचारलं.

"कशाला येतील? नुसती धाटं उभी हायत. कणीस एक नाय."

"मग रातभर बसलात कशाला?"

"म्हातारी मचाणाखाली बसली व्हती," ते म्हणाले. "उठून येऊ कसा?"