भिंतीकडे तोंड केलेलं बाकडं

पोलिसांना तुम्ही कधी तारे दिलेत का? नाही, दिवसाढवळ्या दिसतात ते नव्हे. ते तर पोलिसच आपल्याला दाखवतात. मी मोबाईलवरच्या ताऱ्यांबद्दल विचारतेय. पोलिसांचा अनुभव कसा आला, एक ते पाच तारे द्या, असं ते सर्वेक्षण. मी एक तारा दिला. त्या एका ताऱ्यानं आमच्या घरात जो अंधार पडला, तो अजून हटलेला नाही!

आमचं गाव गंगाखेडहून सोनपेठकडे जाताना लागतं. तिथं माझ्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका पोटासाठी छापायच्या आणि पत्रकं जिवासाठी. बाराखडी पक्की व्हायच्या आत मला ‘जाहीर निषेध’ वाचता यायचं. शाळेत ‘माझी आई’ हा निबंध मी ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ या वाक्यानं संपवला होता. (बाईंनी मला वर्गाबाहेर काढलं. आईनं मात्र तो निबंध अख्ख्या गल्लीला वाचून दाखवला.)

आप्पांनी रस्त्यावर बसायचं आणि शेख हवालदारांनी त्यांना उचलायचं, ही आमच्या गावची जुनी पद्धत. आप्पा लिंगपूजा केल्याशिवाय घास घेत नाहीत, म्हणून हवालदार त्यांना कोठडीतून काढून हापशावर न्यायचे आणि स्वतः हापसून द्यायचे. तोवर आईचा डबा पोचायचा. त्यात धपाटी दोघांची असायची. पकडलेल्याची आणि पकडणाऱ्याची.

गेल्या वर्षी आई गेली. आप्पांनी छापखान्याला कुलूप लावलं, आणि माणूस सुद्धा बंद झाल्यासारखा झाला. त्यात सोमवारच्या बाजारातून त्यांची सायकल हरवली. कॅरिअरवर आईसाठी बांधलेली तांबडी गादी होती, तिच्यासकट. आप्पांनी ठाण्यात तक्रार दिली. मग रोज दुपारी जेवण झालं की टोपी घालून निघायचे.

“कुठं निघालाव आप्पा?” मी फोनवर विचारायची.

“ठाण्यात. पाठपुरावा करायलोय.”

मी तेव्हा परभणीला असायचे. हे ऐकून ऊर भरून यायचा. बाप थकला, पण लढा सोडला नाही!

दिवाळीला घरी आले, तेव्हा आप्पांच्या मोबाईलवर त्या सर्वेक्षणाचा निरोप पडलेला दिसला. तक्रार देणाऱ्या सगळ्यांनाच तो येतो म्हणे.

“आप्पा, तुमचा अभिप्राय मागायलेत!”

“राहू दे माय. त्यात काय सांगायचं?”

“राहू दे? सायकल जाऊन इतके महिने झाले! बसायला खुर्ची तरी देतात का?”

“बाकडं हाय की. चांगलं हाय बाकडं.”

बाकडं! ज्या माणसानं आयुष्यभर मागण्या केल्या, त्याची मागणी आता बाकड्यावर आली होती. माझं रक्त उसळलं. आप्पा पूजेला बसले आणि मी सगळ्या प्रश्नांना एकेक तारा ठोकला. खाली मत लिहायला चौकट होती. मी ‘जाहीर निषेध!’पासून सुरुवात केली, तर दुसऱ्याच मागणीला चौकट भरली. (लोकांच्या भावना मावतील एवढ्या चौकटी सरकार कधीच करत नाही.)

मग मी मोहीम उघडली. ‘एक घर, एक तारा!’ ठाण्याच्या भिंतीवर कुणीही अभिप्राय द्यावा म्हणून चौकोनी ठिपक्यांचा कोड चिकटवलेला होता. त्याचा फोटो काढून मी गल्लीत वाटला.

किराणावाले नागनाथकाका म्हणाले, “पण माझं तर पोलिसाकडं कधी कामच पडलं न्हाई, बाई.”

“बघा! इतक्या वर्षांत पोलिस तुमच्यापर्यंत पोचलेच नाहीत. द्या एक तारा!”

दिला. शेजारच्या काकूंनी तर सून ऐकत नाही म्हणून एक तारा दिला!

आमचं ठाणं जिल्ह्यात तळाला गेलं. वरून साहेब चौकशीला आले. गाडी थेट आमच्या दारात, “तक्रारदार कुठे आहेत?”

“ठाण्यात,” मी म्हणाले, “पाठपुरावा करायला!” आणि साहेबांच्या मागोमाग मीही विजयी मुद्रेनं निघाले.

ठाण्याच्या मागच्या आवारात, कडुलिंबाच्या झाडाखाली, बाकड्यावर आप्पा आणि शेख हवालदार आमच्याकडं पाठ करून बसले होते. मधे चहाचे दोन कप. भांडण चाललं होतं.

“त्या एसटीच्या आंदोलनात भाभीच्या डब्यात ठेचा होता, आप्पा.”

“न्हवता!”

“तुमाला दिला नसंल. तुमाला पित्ताचा त्रास. भाभीनं मला कागदात बांधून वेगळा पाठवला होता.”

आप्पा हळूच म्हणाले, “मला बोलली न्हाई कधी. अजून काय काय पाठवायची हो?”

तुमच्यासारखं शहाणं माणूस इथूनच मागं फिरलं असतं. पण माझ्या डोक्यात मोहीम होती! मी खाकरले. दोघं दचकून उठले. साहेबांनी आधी बाकड्याकडं पाहिलं. त्याचं तोंड भिंतीकडं. समोर फूटभरावर नुसती भिंत.

“हे असं का ठेवलंय?”

“ऊन लागतंय, साहेब,” हवालदार म्हणाले.

लिंबाची सावली इतकी दाट होती की तिथं उन्हाला वशिल्यानंसुद्धा येता आलं नसतं. मग बाकड्याच्या मागं काय आहे ते मी पाहिलं. जप्त केलेल्या गाड्यांचा ढीग. आणि त्या ढिगाला टेकून, चाकांतून वेल वर चढलेली, एक सायकल. कॅरिअरवर तांबडी गादी.

“आप्पा!” मी ओरडले, “सापडली! आपली सायकल!”

एकही टाळी पडली नाही. आप्पा स्वतःच्या चपलांकडं बघत होते आणि हवालदार आप्पांच्या.

बाजारात बेवारस दिसली म्हणून पोलिसांनीच ती उचलून आणली होती, हे पुढं कळलं. साहेबांनी विचारलं, “आजोबा, ही तुमचीच का?”

जन्मभर खरं बोललेला माणूस. त्यांनी गादीवरून एकदा हात फिरवला.

“माझीच हाय,” आप्पा म्हणाले, “काय करता आता.”

हवालदारांना समज मिळाली. तक्रार निकाली निघाली. साहेबांनी हसून अभिप्राय बदलायला सांगितला, आणि मी तत्त्वाची असल्यामुळं पाच तारे दिले. लगेच निरोप आला: आपल्या समाधानाबद्दल आभार!

दिवाळी सरली तरी मी परभणीला परतलेले नाही. आता रोज दुपारी आप्पा टोपी घालतात, ओट्यापर्यंत येतात आणि टोपी काढून बसतात. मी म्हटलं, “आप्पा, सहज जाऊन या की.”

“सहज? ठाण्यात? लोक म्हणतील, आप्पा फुटला!”

“मग त्यांना इकडं बोलवा.”

“आंदोलकाच्या ओट्यावर हवालदार बसंल तर त्याच्या नोकरीला काय म्हणतील?”

चारच्या सुमारास शेख हवालदार गाडीवरून आमच्या दारापुढं येतात. गाडी हळू होते. आप्पा पेपर वर धरतात. एकदा हॉर्न वाजतो आणि गाडी निघून जाते. त्यानंतर बराच वेळ आप्पा पानच उलटत नाहीत. मी धपाटी करते, त्यांना एक सुद्धा संपत नाही. आईच्या डब्यातलं उरलेलं सगळं त्या बाकड्यावर राहिलंय, आणि तिथं जायचा रस्ता मी मोठ्या धडाडीनं बंद केलाय.

म्हणून वाचकहो, हे माझं जाहीर आवाहन. आमच्या गावात किराणा दुकानाच्या अलीकडं ओट्याला टेकून एक काळी सायकल उभी असते. कुलूप मी काढून ठेवलंय. हवा भरलेली आहे. गादी नीट सांभाळा आणि कृपा करून ती सायकल चोरा! आप्पा बघत असले तर घाबरू नका, ते पेपर वर धरतील. सोमवारच्या बाजारात नेऊन सोडा. बाकीचं पोलिस बघून घेतील. अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.