जावयाचा फेटा आणि कल्याणप्पांची जीभ

नळदुर्गच्या पेठेत कल्याणप्पांचं कापडाचं दुकान होतं, पण तिथं कापडापेक्षा कल्याणप्पांची जीभच जास्त खपायची. दिवाळसणाला जावयासाठी कुणी साधा फेटा मागितला, की ते हळहळत. "न्या की. पर तुमच्या शेजारच्या बब्रुवानानं जरीचा न्हेलाय. उद्या दोघांचे जावई देवळात शेजारी बसत्याल." मग सासरा मुकाट जरीचा फेटा बांधून घेई. जर्मनच्या लढाईमुळं कापड सरकारी कंट्रोलात गेलं, मोजून मिळू लागलं, भाव आभाळाला भिडले, तरी जरीचं गिऱ्हाईक तुटलं नाही. गावाला चार चांगल्या रीती आपणच शिकवल्या, असं कल्याणप्पांना मनापासून वाटे.

मग त्यांच्या शिवकांतेचं लग्न झालं आणि पहिल्या दिवाळीला जावई वीरभद्र सणाला आला. सारी पेठ बघायला टपलेली. आपणच वाढवलेला जावयाचा मान आता आपल्याच गळ्यात आला होता. कल्याणप्पांनी दुकानातला सगळ्यात भारी फेटा काढला, वर रेशमी उपरणं ठेवलं.

जावई ताटाला हात लावीना.

पहिल्या दिवाळीला जावयानं रुसायचं असतंच. खुद्द कल्याणप्पांनी सासऱ्याकडून चांदीचा करदोडा उकळला होता, तोही चोरून चकल्या खात उपाशी बसून. आता त्यांनाच घाम फुटला.

"अंगठी घ्या, जावईबापू."

वीरभद्रानं मान हलवली.

"मग दुभती गाय न्या."

"मामा, मला काय बी नको," वीरभद्र म्हणाला. "माझ्या दोन भनी लग्नाच्या हायत. उद्या त्यांच्या नवऱ्यांचे सण आमच्या वडलांस्नी करायचेत. ते तुमच्याच दुकानात येणार. तवा तुमी त्यांच्याम्होरं तोंड उघडायचं न्हाय. एवढंच द्या."

दाराआडून शिवकांता म्हणाली, "द्या अप्पा. न्हायतर तुमच्या जरीपायी सासरी मलाच ऐकून घ्यावं लागंल."

यापेक्षा गाय स्वस्त पडली असती, असं कल्याणप्पांना वाटलं. पण लेकीपुढं त्यांचं काही चालेना. त्यांनी शब्द दिला आणि जावई जेवला.

उन्हाळ्यात त्या दोघी बहिणींची लग्नं एकाच मांडवात उरकली. दिवाळी आली तसे व्याही हणमंतप्पा दुकानात आले. त्यांनी साध्या फेट्यावर हात ठेवला आणि कल्याणप्पांच्या तोंडाकडं पाहिलं. कल्याणप्पा ओठ घट्ट मिटून आढ्याकडं बघत बसले. हणमंतप्पांना ती नापसंती वाटली. मग त्यांचा हात हळूच जरीच्या फेट्याकडं सरकला.

कल्याणप्पा कासावीस झाले. आपलं गप्प बसणंसुद्धा जरीच विकतंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. शेवटी लेकीसाठीच त्यांनी शब्द मोडला.

"इवाई, साधाच न्या. लई टिकाऊ हाय. जरी काय जावयाला खायची हाय व्हय?"

हणमंतप्पांचा चेहरा पडला. "म्हंजे आमाला जरीचा झेपत न्हाय, असंच ना? दोन काढा जरीचे. वर दोन रेशमी उपरणी बी टाका."

भाव कमी करतो म्हणावं, तर तोही आता अपमानच ठरला असता. जन्मभर थापा मारून कल्याणप्पांनी माल खपवला होता, पण एकदाच खरं बोलले तेव्हाइतका झटपट तो कधीच खपला नव्हता. शाबास रे कल्याणप्पा, असं स्वतःलाच म्हणत त्यांनी फेटे बांधून दिले. पाडव्याला शिवकांता येणार होती, आणि तिला तोंड कसं दाखवायचं ते त्यांना सुचत नव्हतं.