वारं गेलं, हिरवा दिवा लागला

“इस्केमिक स्ट्रोक,” पडद्यावरच्या माझ्या मेंदूवर पेन टेकवून डॉक्टर म्हणाले. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की त्याला हे नाव. आमच्याकडे याला ‘वारं गेलं’ म्हणतात. हेच दोन शब्द माझ्या सासूबाईंनी तासाभरापूर्वी वॉर्डात ओरडून सांगितले होते, आणि ते ऐकून हॉस्पिटलच्या यंत्राने हिरवा दिवा लावला होता.

हे लिहितेय ते कुणाला धीर द्यायला नाही. मला राग आलाय आणि तो कुठल्याही गोळीने उतरलेला नाही. तुमच्या माणसावर अशी वेळ आली तर कशाकडे बघायचं, एवढं कळावं म्हणून लिहितेय.

मी एसटीत कंडक्टर, सातारा-सांगली फेरीला. तिकिटाचं मशीन उजव्या हातावर चालतं, म्हणजे माझं घर त्या हातावर चालतं. पित्ताशयात खडे झाले म्हणून सांगलीतल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन केलं. लॅपरोस्कोपी, म्हणजे पोटाला लहान भोकं पाडून दुर्बिणीतून करतात ते. सोबतीला सासूबाई. त्या औंधजवळच्या, आम्ही त्यांना आत्या म्हणतो.

पोटाच्या ऑपरेशननंतर नर्स पुन्हा पुन्हा एकच विचारतात, “वारा सरला का?” म्हणजे पोटातला गॅस गेला का. गेला की आतडी चालू झाली समजतात आणि चहा मिळतो.

आमच्या वॉर्डात रूपाली नावाची नर्स होती, शिराळ्याकडची. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. छातीवर नावाच्या वर एक चकचकीत बिल्ला, ‘एआय-रेडी’. हॉस्पिटलने नवा टॅबलेट आणला होता. तो पेशंटचं बोलणं ऐकतो, अर्थ लावतो, नोंद करतो आणि लाल, पिवळा किंवा हिरवा रंग दाखवतो. जुन्या सिस्टरांनी त्याला हात लावला नाही. मग तरुण पोरींची बोटं फोनवर चालतात म्हणून त्यांना एका दुपारचं ट्रेनिंग दिलं आणि नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधावी तसे बिल्ले लावून टाकले.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरताना कंगवा हातातून पडला. उचलायला गेले तर हात उचलेना. आत्यांना हाक मारली, तर तोंडातून नुसतं ‘ब ब’. आत काय चाललंय ते मला सगळं कळत होतं, बाहेर काही निघत नव्हतं. त्या भीतीला मला अजून शब्द सापडलेला नाही.

आत्यांनी रूपालीला बोलावलं. तिने टॅबलेट पुढे धरला.

“आगं पोरी, हिच्या हातावरनं वारं गेलं गं!”

टॅबलेटवर उमटलं: वारा सरला, पातळ पदार्थ सुरू करावेत. हिरवा रंग.

“छान झालं आजी, आता चहा द्या त्यांना,” म्हणून रूपाली पुढच्या खाटेकडे गेलीसुद्धा.

शिराळ्याची पोर! वारं जाणं म्हणजे काय हे तिला माहीत नसेल? तिच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. पण तिने ऐकलंच नव्हतं. ऐकलं यंत्राने, तिने फक्त वाचलं.

नर्सने सांगितलंय, म्हणून आत्यांनी कँटीनमधून चहा आणून माझ्या तोंडाला लावला. तो गालावरून ओघळला, उरलेला ठसक्यात गेला आणि माझा श्वास कोंडला. हे लक्षात ठेवा: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, यातलं काहीही एकाएकी झालं तर घोटभर पाणीही देऊ नका. गिळता येत नाही, ते फुफ्फुसात जातं.

आत्यांनी कप भिरकावला. “त्या पाटीत काय बघतीस? हिच्या तोंडाकडं बघ की! वारं गेलंय म्हनतीया कवाधरनं!”

तेव्हा रूपालीने मान वर केली. तिने माझे दोन्ही हात उचलून सोडले. उजवा धप्पदिशी पडला. टॅबलेट माझ्या पायाशी टाकून ती पळाली. तो तिथे हिरवाच होता.

स्ट्रेचर तिनेच ढकलला. स्कॅननंतर डॉक्टरांना म्हणाली, “सर, पंचवीस मिनिटं माझ्यामुळे गेली. आजी सांगत होत्या, मी स्क्रीन बघत होते.” याचाही मला राग आला. यंत्रावर ढकललं असतं तर तिचा सुखाने द्वेष केला असता.

“ऑपरेशन ताजं आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं तर रक्तस्राव होईल,” डॉक्टर म्हणाले. “मेकॅनिकल थ्रॉम्बेक्टॉमी करू.” म्हणजे जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढायची. निघाली. दोन दिवसांत बोलणं आलं. हात मात्र पुरता आला नाही.

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी त्याच हाताने रोज पानभर लिहायला सांगितलं. काय लिहू? तक्रार लिहायला घेतली, रूपालीच्या नावाने. पहिल्या दिवशी तिचं नाव मुंग्यांच्या रांगेसारखं आलं. रोज तेच लिहायचं. बाई खूश व्हायच्या, त्यांनी कधी वाचलं नाही.

रूपाली यायची तेव्हा मी भिंतीकडे तोंड करायची. ती वही घेऊन आत्यांशी बोलत बसायची. “आजी, आनि काय काय म्हनत्यात तुमच्याकडं?”

‘अंगात कसर हाय’, म्हणजे बारीक ताप. ‘जीव वरखाली होतोय’. ‘डोळ्याम्होरं अंधारी’. यंत्राला कळत नाहीत ते शब्द ती अर्थासकट लिहून काढत होती. पहिल्या ओळीत ‘वारं जाणं’, आणि शेजारी लाल शाईत स्वतःची चूक. मेट्रनने ते पान फाडायला सांगितलं, तिने फाडलं नाही.

“लय गुनाची हाय गं,” आत्या म्हणाल्या.

“आत्या, तुम्ही गप बसा.”

घरी सोडायच्या दिवशी कडक इस्त्रीतले हॉस्पिटलचे एक साहेब आले. “मॅडम, मानवी चूक झाली. संबंधित नर्सला आम्ही कमी करतोय. यंत्रणेत दोष नाही. इथे फक्त सही करा.”

कागदावर जवळजवळ तेच होतं, जे मी रोज गिरवत होते. सही केली की तिची नोकरी गेली, आणि तिच्याबरोबर ती वहीही.

आमच्या हातात तिकिटाचं मशीन आलं ते दिवस आठवले. शिकवलं होतं घाईघाईत. अडकलं मशीन, शिव्या मला, आणि रिपोर्टही माझ्यावर. मशीन आणणाऱ्याला कुणी डेपोत बोलावलं नव्हतं.

मी रूपालीला माफ केलेलं नाही. माझी बोटं अजून बटणावर नीट पडत नाहीत. माझा जीव वाचला तो आत्यांच्या घशामुळे, यंत्राला न कळणाऱ्या त्या घशामुळे, आणि त्यांचे उपकार मी या जन्मी फेडणार नाही. पण मान वर करायला शिकलेली एक नर्स हाकलून, मान खाली घातलेली दुसरी तिथे येणार होती. तसाच बिल्ला लावून.

मी कागद उलटा केला. उजव्या हातानेच पेन धरला. चार शब्दांना बराच वेळ लागला आणि साहेबांचं दोनदा घड्याळ बघून झालं.

अक्षर वाकडं होतं, पण वाचता येत होतं: ‘बिल्ला कुणी लावला होता?’