नोटीस मीच चिकटवली

सव्वीस जानेवारीचा झेंडा लावून झाला आनि सेक्रेटरीसाहेबांनी माझ्या थोरलीची हनुवटी धरली. सोसायटीची पोरं लायनीत उभी, हातात बुंदीचा लाडू. साहेबांनी तिचं तोंड वर केलं. बाजारात बैलाचं करतात तसं.

"बघा रे मुलांनो. दात घासले नाहीत की असे होतात."

पोरगी दहा वर्षांची. दातांवर तपकिरी पट्टे. पोरं हसली, त्यांच्या आया हसल्या. सगळ्यात मोठ्यानं कोन हसलं? मी. वॉचमन. वर आनि जोड दिली, "साहेब, सोन्याचे हायत, तुमच्या बँकेत ठेवा की." साहेब बँकेतनं रिटायर. आख्खं कंपाउंड हसलं. मला वाटलं, काय टोला हानला.

पोरीनं तोंड मिटलं. लाडू हातातच राहिला.

सवयच माझी ती. शाळा मी बाहेरून रंगवलीय, आत कधी गेलो नाय. माझे दात तंबाकूनं काळे. त्यावर मीच आधी बोलायचो, म्हनजे दुसऱ्याला बोलायला काय उरत नाय.

मनवेलपाड्यात ही बिल्डिंग उभी राहिली तवापासून मी हितं. दोन टाक्या. एक गोड्या पान्याची. टँकर यायचे सांडोरच्या बाजूच्या वाड्यांतल्या विहिरींवरनं. ती लाईन मेंबरांच्या किचनला. दुसरी बोअरची, संडास-बाथरूमला. दोन्हीचं पानी सोडायचे व्हॉल नि त्यांची चावी माझ्या हातात. माझ्या खोलीला नळ पायजे म्हनून पाइप पन मीच जोडला. बोअरच्या लायनीला. साहेबांनी परवानगी दिली म्हनून त्यांच्या पाया पडलो. नळाला हळदकुंकू लावलं. आख्ख्या पाड्यात वॉचमनच्या खोलीत नळ कोनाच्या? माझ्या. दोन्ही पोरी त्याच पान्यावर वाढल्या.

झेंड्याच्या दुसऱ्या दिवशी थोरलीला मोरीवर बसवलं. कोळशाची पूड नि मीठ. घास, म्हनालो. पट्टे जाईनात. मग मीच बोट घातलं. रक्त आलं. मला काय वाटलं नाय. हात चालत होता, बस.

त्यानंतर ती बोलताना तोंडावर हात धरायला लागली. हसनं बंद. विनोदी मानसाची पोरगी.

बायको म्हनाली, पान्यात काय तरी असंल. मग मी पानी उकळायला लागलो. धाकटी पाच वर्षांची, तिच्यासाठी तर टोप अर्धा होईस्तोवर उकळायचो. हुशारी.

पावसाळ्याआधी साहेबांनी कागद दिला, पंपाजवळ लाव म्हनाले. मागल्या खेपेला मी नोटीस उलटी लावली होती, सगळे मान वाकडी करून वाचत होते. म्हनून या वेळेला शिक्का खाली येईल असा बघून, खळ लावून, चारी कोपरे दाबून चिकटवली. मग खोलीत जाऊन नळाचं तांब्याभर पानी प्यायलो.

थोरली शाळेतनं आली नि तिथंच थांबली. वाचून दाखवलं.

"बोअरचे पाणी पिऊ नये, स्वयंपाकाला वापरू नये. त्यात फ्लोराईड जास्त आहे. लहान मुलांच्या दातांवर डाग पडतात, हाडांना त्रास होतो. पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही."

परत वाच, म्हनालो. तिनं परत वाचलं. तोंडावर हात धरून.

साहेबांच्या दारात गेलो. चपला खाली काढून. विचारलं, हे कधी कळलं? त्यांनी पेपरातनं मान वर केली नाय.

"रिपोर्ट दिवाळीतच आला. मेंबर ते पाणी पीत नाहीत, म्हणून घाई केली नाही. तुला काय होतंय? तुम्हा लोकांना सवय असते."

दिवाळी. मग सव्वीस जानेवारी. मला वाचता येत नाय, पन आधी काय येतं नि मागनं काय, येवढं येतं. हनुवटी धरली तवा त्यांना ठाऊक होतं.

मी कायतरी विनोद करायला तोंड उघडलं. नेहमीसारखं. आतनं काय आलंच नाय. राग पन नाय. जिना उतरलो.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीनबाई म्हनाल्या, थोरलीचे डाग घासून जानार नायत. पानी उकळून अर्धं केलंत, म्हनजे उलट दाट केलंत. धाकटीचे पक्के दात अजून हिरडीत तयार होतायत, तिचं पानी आजच बदला. पिनं नि रांधनं, दोन्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किचनची लाईन सोडायची वेळ. मी आधी गोड्या टाकीच्या नळाखाली हंडा लावला. साहेब फिरायला निघाले होते. थांबले.

"मेंबरांचं पाणी आहे ते."

"माहीत हाय. पयला हंडा माझा. मग तुमची लाईन."

"नोकरी जाईल."

"चावी हंडा भरल्यावर देतो."

ते उभे, मी पन उभा. हंडा भरला. झाकन ठेवलं. मग व्हॉल फिरवला नि चावी पुढं केली. त्यांनी घेतली नाय. कुठला व्हॉल कुठं जातो, मेंबरांत कोनाला ठाऊक हाय?

आता रोज तसंच. थोरली अजून तोंडावर हात धरते. तिच्या दातांवर मी परत बोलनार नाय, कोनाला बोलू देनार नाय. मला काढतील तर काढू देत. नवा वॉचमन येईल, त्याला पयलं हेच दाखवून जाईन. हा गोडा नळ. हा तुझा हंडा. हा भरल्याबिगर वर एक थेंब सोडायचा नाय.