आधी शिट्टी, मग पाठ

मैदानाबद्दलचा आमचा अर्ज पावसात भिजला, नव्याने द्या, असं ओरोसच्या एका सरकारी कार्यालयात मला सांगण्यात आलं, त्याच दिवशी दाजी गेले. भिजला म्हणजे? छप्पर तुमचं, कपाट तुमचं, आणि नव्याने लिहायचं आम्ही? एवढं भांडून एसटीच्या थांब्यावर येऊन उभी राहिले आणि वैशूचा फोन आला. वैशू आमच्या संघाची गोलकीपर. म्हणाली, "गो, दाजी गेले... सकाळी चाय पिता पिता." खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो असा की आता हे अर्जाचं कोणाला सांगायचं? दाजींनी माझीच हजेरी घेतली असती. "पेन्सिलीन लिवलंस काय? शायेन लिवलंस? मगे रड आता."

दाजी परब म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर आणि आमच्या सड्यावरच्या फुटबॉलचे पंच. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, पाणी धरत नाही. होड्या किनाऱ्यावर ओढल्या की आमचा गाव भर पावसात त्यावर खेळतो. त्यांच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर छापलंय, 'शांत, मितभाषी व्यक्तिमत्त्व'. हे छापणाऱ्याने दाजींना कधी पाहिलं तरी होतं का? त्या बॅनरवर पुढाऱ्यांचे फोटो त्यांच्याहून मोठे आहेत हे एक, आणि दाजी शांत कधीच नव्हते हे दुसरं. ते तापट होते, हट्टी होते आणि चहा दुसऱ्याच्या पैशाने प्यायचे. घरी, वाटेत, दुकानात मालवणीत बोलायचे, पण मैदानात पाय टाकला की शुद्ध मराठी. "मैदान म्हणजे डेपो," म्हणायचे, "हयसर वायलीच भाषा."

लिहायची त्यांची पद्धत अख्ख्या गावाला पाठ होती. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा हाताएवढा कापलेला, तो खाजाच्या, म्हणजे जत्रेतल्या गोड खाऊच्या, पारदर्शक पिशवीत. मनगटाला दोऱ्याने बांधलेली तोकडी पेन्सिल. सड्यावर पाऊस वरून पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो. म्हणून गोल झाला किंवा कार्ड दाखवलं की आधी शिट्टी, खेळ थांबवायचा. मग समुद्राकडे पाठ करून, भातलावणीला वाकतात तसं वाकायचं आणि हात पेन्सिलीसकट पिशवीत घालून आतल्या आत लिहायचं. पिशवीला आल्यागुळाचा वास असायचा. त्यामुळे त्यांच्या पुठ्ठ्याला मुंग्या लागायच्या, पाणी कधी लागलं नाही. ते वाकले की पोरं ओरडायची, "दाजीनू, तिकीट फाडलात?" दाजी लिहिलेलं एकदा डोळ्याखालून घालायचे आणि मगच ताठ व्हायचे. "फाडलं. पुढे चला." पुन्हा शिट्टी, खेळ सुरू.

एकदा मी विचारलं होतं, शिट्टी आधी कशाला, वाकता वाकता मारली तर काय बिघडलं? "पाठ फिरवलंस की कोणतरी फायदो घेताच. म्हणान आधी शिटी, मगे पाठ." आज मैदानासाठी पत्रकं लिहिताना, कार्यालयांच्या पायऱ्या झिजवताना हे रोज आठवतं. तिथे शिट्टी न मारताच पाठ फिरवतात.

मुलींची पहिली स्पर्धा झाली तेव्हा अंतिम सामन्यात आमच्या लाल संघासमोर भाऊंच्या वाडीचा संघ होता. भाऊ स्पर्धा समितीचे अध्यक्ष. मध्यंतराच्या जरा आधी मी गोल केला तेव्हा सर एवढी दाट होती की ताडपत्रीखाली बसलेल्यांना गोलपोस्टही दिसत नव्हती. त्या एका गोलने आम्ही जिंकलो आणि भाऊ उठले. "गोल मध्यंतराची शिटी झाल्यार गेलो. सामनो परत खेळवा. आणि दाजी, तुमचो कागद आता लगदो झालो असतलो, तो दाखवू नकात." मुलग्यांचा सामना आजवर कधी परत खेळवला नव्हता. आमचाच खेळवायचा होता, कारण आम्ही मुली, आम्ही गप्प बसू असा हिशोब! दाजींनी पिशवीतून पुठ्ठा काढला, तो भाऊंच्या नाकाखाली धरला आणि थांब्याचं नाव पुकारावं तशा आवाजात वाचला. "लाल संघ, गोल, मध्यंतरापूर्वी. वाचता येतं ना?"

"तेच्यार मुंगी आसा," भाऊ म्हणाले.

"ती साक्षीदार," दाजी म्हणाले.

सामना परत झाला नाही.

दाजींच्या बाराव्यानंतर शाळेच्या व्हरांड्यात समितीची बैठक झाली. भाऊंनी विषय काढला तो असा, "दाजी नाय, मगे पंच खंयचो? झिलगे आपापसात मिटवतत. चेडवांचा कोण लिवतलो? यंदा तेंचे सामने ऱ्हवांदे." ऱ्हवांदे! म्हणजे मुलगे खेळणार, मुलींचं राहू दे. यंदा राहिलं की पुढच्या वर्षीही राहतं, हे सांगायला पंचांग लागत नाही. मी म्हटलं, "मी लिवतलंय."

"तू पत्रका लिव गो," कोणीतरी म्हणालं. व्हरांडा हसला.

"पत्रका लिवतंय म्हणानच सांगतंय. नियम माका पाठ आसत. नाय तर आताच विचारा, सगळ्यांसमोर."

भाऊंनी नियम विचारले. ऑफसाइडवर दोनदा अडवायला पाहिलं, मी अडले नाही. शेवटी म्हणाले, "आणि पावसात?" मी पिशवीतून पुठ्ठा काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यावर सगळी बैठक लिहिलेली होती, 'ऱ्हवांदे' हा शब्दसुद्धा, त्यांच्या नावापुढे. मग कोणी हसलं नाही.

दाजींची पिशवी मागायला मी त्यांच्या घरी गेले नव्हते. बैठकीआधीच बाजारातून खाजा आणला, खाल्ला आणि पिशवी ठेवली होती.

गेल्या रविवारी मुलींचे सामने सुरू झाले. पाऊस समुद्राकडून आडवा येत होता. एका पोरीने मागून पाय घातला. मी शिट्टी मारली, पिवळं कार्ड दाखवलं, समुद्राकडे पाठ केली आणि वाकले. पाठीवर सर वाजत होती आणि हात पिशवीत होता, कोरडा... गुळाचा वास नाकात गेला. मागून ती कार्ड खाल्लेलीच पोर ओरडली, "ताये, तिकीट फाडलंस?"

लिहिलेलं एकदा डोळ्याखालून घातलं. मग ताठ झाले.

"फाडलं. पुढे चला."