सरूमावशींची शिल्लक गोळी

झरीहून सरूमावशींच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी पुढच्या औषध-चाचणीचा आराखडा भरत होते. "आत्याबाई गेल्या, सिस्टर. लकवा झाला..." ती म्हणाली. महिना उलटला, रडावं की आधी माफी मागावी, हे मला अजून समजत नाही.

परभणीतल्या आमच्या दवाखान्यात ब्लड प्रेशरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. नेहमीच्या गोळीवर आणखी एक गोळी. कुणाची औषधाची, कुणाची औषध नसलेली, नुसती पांढरी, हे आम्हालाही ठाऊक नसायचं. मावशी सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसायच्या आणि माझ्या डब्यातल्या भाजीला तिखट कमी म्हणून मलाच बोलायच्या. दसरा जवळ आला तसं म्हणाल्या, "तोडीला जायचंय. पाडव्यापत्तुरच्या गोळ्या आत्ताच द्या की." पण नियम महिन्याचा. मी महिन्याच्या गोळ्या दिल्या, कार्डावर पुढची तारीख लिहिली, आणि त्या ऊसतोडीला गेल्या. दोन तारखा चुकल्यावर मीच त्यांचं नाव गळालेल्यांच्या यादीत टाकलं.

गुढीपाडव्यानंतर मावशी हजर! पदराच्या गाठीतून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. आत एक गोळी शिल्लक. "पुरवून पुरवून खाल्ल्या, पाच-सा दिसाला एक. ही राखली, नाव कमी होऊ नये म्हनून." मी कपाळावर हात मारला. नाव तर कधीच कमी झालं होतं. समजूत काढायला म्हणून बोलून गेले, "वाईट वाटून घेऊ नका मावशी, काही जण गळणार हे आम्ही आधीच धरतो. म्हणून थोडे जास्त पेशंट घेतो." त्या बघतच राहिल्या. "म्हंजी आमी येणार न्हाई, हे तुमाला आदीच ठाव हुतं? मंग तारीख कशाला दिली?" मला रागच आला, त्यांचा की माझा, देव जाणे. त्या गडबडीत, नेहमीची गोळीही त्यांनी अशीच पुरवून खाल्ली का, हे विचारायचं राहूनच गेलं...

ते पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ती गोळी औषधाची की नुसती पांढरी, कोण सांगणार? नव्या आराखड्यात मी दसऱ्याआधीच्या आणि पाडव्यानंतरच्या तारखा मागितल्या आहेत. डॉक्टरसाहेब काय म्हणतील ते म्हणोत. 'किती जण गळतील' या रकान्यापाशी मात्र रोज पेन थांबतो. सहा महिने एक गोळी राखणारी बाई त्यात धरायची का?