अंगठा हलला नाही

माझा धाकटा भाऊ मधुकर गेला तेव्हा मी त्याच्या खोलीतच होतो. श्वास थांबल्याचे ध्यानात यायला थोडा वेळ लागला. बाकी सारे आधीच थांबले होते.

सोलापुरातल्या एका रुग्णालयात तो मेंदूच्या आणि नसांच्या तपासण्या करीत असे. डोक्याला तारा लावून आलेख काढणे, हातापायांना विजेचा हलका झटका देऊन नस कितपत काम करते ते पाहणे, हे त्याचे आयुष्यभराचे काम. खेड्यांतून आलेली माणसे शॉक म्हटले की हात मागे घेत. म्हणून मधुकर आधी स्वतःच्या डाव्या मनगटावर झटका घेई. अंगठा उडे, पडद्यावर उंच लाट उमटे. ‘बघा, मेलो का मी?’ असे तो विचारी, आणि रुग्ण हसून हात पुढे करी.

अशाच एका सकाळी ती लाट त्याला ठेंगणी दिसली. त्याने तार तपासली, चिकटपट्टी बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अंगठ्याच्या बुडाशी मांस उतरले होते. स्नायूंना चालवणाऱ्या नसा हळूहळू मरत जातात, असा तो आजार. त्याला उपचार नाही. डॉक्टरांनी सांगण्याआधीच त्याने तो ओळखला. मी बार्शीत शाळामास्तर होतो. उत्तर पुन्हा तपासून पाहण्याची मला सवय. ‘पुण्याला दाखवू,’ मी म्हणालो.

‘दाखवू की, दादा. तिथं बी हेच मशीन असतंय.’

पुण्यातही तेच सांगितले. उजवा हात चालत होता तोवर तो कामावर जात राहिला.

माझे पाय बधिर होऊ लागले म्हणून मी त्याच्याकडे तपासणीला गेलो. माझ्या आधी दुधनीकडच्या एक आजी होत्या. ‘मी न्हाय हात देत, बाबा,’ त्यांनी बजावले. मधुकरने नेहमीप्रमाणे स्वतः झटका घेतला. अंगठा जागचा हलला नाही. आजी निरखून पाहत होत्या.

‘सायबाला तर कायच झालं न्हाय की,’ असे म्हणून त्यांनी निर्धास्तपणे हात पुढे केला.

‘व्हय आजी, काय होत न्हाय,’ मधुकर म्हणाला आणि कामाला लागला.

माझ्या पायाला तारा लावत असताना मी विचारले, ‘तुला लागला नाही?’

‘सगळा लागला, दादा... नुसतं हलत नाही.’

पुढे हात गेले, पाय गेले, वाचा गेली. बुद्धी आणि स्पर्श शाबूत राहिले. डास चावलेला त्याला कळे. हाकलता येत नसे. पापण्यांनी तो होय-नाही सांगे. शेवटी पापण्याही थकल्या. भेटायला येणारे त्याच्या देखत म्हणत, ‘आता कळत नसेल बिचाऱ्याला.’ मी त्यांना बाहेर नेऊन समजावीत असे. नंतर तेही सोडले.

चेहरा किती शांत होता, असे अंत्यविधीला आलेला प्रत्येकजण म्हणाला. शांत होता, हे खरे. त्या चेहऱ्याचे स्नायू केव्हाच गेले होते.

उन्हाळा होता. त्याच्या कॉटवरचा पंखा आम्ही अंदाजाने कधी वाढवत असू, कधी कमी करीत असू. त्याला वारा हवा होता की नको, हे अखेर कळले नाही. माझी भावजय सुमन त्या रिकाम्या खोलीतला पंखा अजून बंद करीत नाही.